मेनूकार्डाची मिसळ

पंचवटीतल्या मामांच्या दुकानाला वेबसाइट हवी होती, आणि आख्ख्या खानदानात कॉम्प्युटरवाला मी एकटा. “एक पान तर आहे,” मामा म्हणाले. “तासाभरात होईल. तोवर मिसळ खा.”

चार रविवार गेले. मिसळी अकरा.

यादी लिहिताना दर पदार्थामागे बंद करायचा टॅग (कोनी कंसातली खूण) मी लावलाच नाही. एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानं लिहायच्या भाषेत, तशी मुभा आहे. पुढच्या पदार्थाचा ‘एलआय’ टॅग आला की आधीचा आपोआप मिटतो. मामांना हे लगेच पटलं. रविवारी बाकापाशी पुढचं गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं की आधीचं बोटं चाटत उठतंच, ‘उठा’ म्हणावं लागत नाही.

या सवलतीने मी चेकाळलो. १९९९च्या एचटीएमएल ४.०१ या आवृत्तीत एक चोरवाट सापडली: कोन (<) उघडा, ‘बी’, तिरकी रेघ, शब्द, पुन्हा तिरकी रेघ. झाला शब्द ठळक! कागदोपत्री अगदी कायदेशीर. ‘तिखट’ तसा ठळक केला, पान उघडलं, तर तिखट मिसळच गायब. ही लघुलिपी ब्राउझर कधी शिकलेच नव्हते (आता तर ती नियमातूनही गेलीय). माझ्या ब्राउझरने पुढचा बंद कोन (>) दिसेपर्यंतचं सगळं गिळलं आणि ठळकपणा तेवढा चालू ठेवला. खालचं ताक, पापड, पत्ता, ‘सोमवारी बंद’, सगळं गल्लीत भांडण लागल्यासारखं ओरडत होतं.

मुकाट्याने पान व्हॅलिडेटरला, म्हणजे टॅगांच्या चुका शोधणाऱ्या तपासनीसाला, दाखवलं. मी ‘पी’च्या परिच्छेदात यादी ठेवली होती आणि शेवटी सज्जनपणे ‘पी’ बंद केला होता. तो खेकसला, उघडा ‘पी’ आहेच कुठे? यादी सुरू होताच ‘पी’ मिटतो म्हणे. म्हणजे बंद केला नाही तर चालतं, केला तर चूक! ‘डिव्ह’ या चौकटीच्या टॅगचं उलटं, त्याला दारापर्यंत सोडायला जावंच लागतं.

“गेलेल्या गिऱ्हाइकाला परत हाकलतोयस होय?” मामांनी विचारलं.

“त्याहून वाईट. तो टॅग दिसला की ब्राउझर एक रिकामा ‘पी’ नव्याने आणून बसवतो.”

“आणि बिल कोण देणार?”

चौथ्या रविवारी एकदाची हिरवी पट्टी आली. एकही चूक नाही. मोबाइल घेऊन मी गल्ल्यापाशी धावलो. मामींनी चष्मा पुसला, सावकाश वाचलं आणि मामांकडे वळल्या.

“अहो, ही ‘वही मिसळ’ कधीपासून सुरू केलीत?”