‘फायनल रिजेक्शन’विषयीच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

महोदय, सप्रेम नमस्कार.

आमच्या शिवाजीनगर येथील कार्यालयाविषयी आपण लिहिले आहे की, अमेरिकेतील पेटंट अर्जावर ‘फायनल रिजेक्शन’, म्हणजे परीक्षकांचा ‘अंतिम’ म्हटलेला नकार, आल्यावर आम्ही ‘आरसीई (शुल्क भरून परीक्षण पुढे चालू ठेवण्याची विनंती) भरावी लागेल’ एवढेच कळवले आणि संपलेल्या अर्जासाठी पुन्हा शुल्क मागितले. अर्जाचा तपशील गोपनीय असल्याने तो मी येथे मांडणार नाही. परंतु आमचे ते पत्र मी पुन्हा वाचले आणि ते खरोखरच एका ओळीचे आहे. ही चूक आमची आहे व तिच्याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो.

अर्ज मात्र संपलेला नाही. नोटिशीच्या सारांशपानावर ‘फायनल’ या शब्दापुढच्या चौकटीत खूण दिसली की कोणाचाही धीर सुटतो. पण तिचा अर्थ एवढाच की, परीक्षणाची ती फेरी संपली असून यापुढे दाव्यांत, म्हणजे नेमका कशावर हक्क मागितला आहे ते सांगणाऱ्या विधानांत, हक्काने दुरुस्ती करता येत नाही. दावे वगळण्यासारखी साधी दुरुस्ती परीक्षक बहुधा स्वीकारतात. जिच्यासाठी परीक्षकांना आधीची पेटंटे व लेखन नव्याने धुंडाळावे लागेल अशी दुरुस्ती ते सहसा स्वीकारत नाहीत, आणि तेव्हा आरसीई करावी लागते. परीक्षकांचा आक्षेपच मुळात चुकीचा असेल तर दावे आखडते घेऊ नयेत, अपील करावे, असे माझे ठाम मत आहे. अपिलाच्या नोटिशीसोबत जास्तीत जास्त 5 पानांत मुद्दे मांडून परीक्षकांच्या गटाकडून आधीच फेरविचारही मागता येतो. काही दावे मान्य होण्याजोगे ठरले असतील, तर तेवढ्यांवर पेटंट घेऊन उरलेल्यांसाठी, मूळ अर्ज प्रलंबित असतानाच, कंटिन्युएशन अर्ज, म्हणजे त्याच शोधावरचा पुढचा जोडअर्ज, दाखल करता येतो. आपल्याकडे भारतीय पेटंट कायद्याच्या कलम 15 खाली अर्ज नाकारला गेला की पुण्याच्या अर्जदाराला बहुधा मुंबई उच्च न्यायालयातच जावे लागते, त्यामुळे तिकडचा ‘फायनल’ही तसाच वाटणे स्वाभाविक आहे.

खरी काळजी तारखेची घ्यावी. उत्तराची मुदत सहसा 3 महिन्यांची असते आणि वाढीव शुल्क भरून ती 6 महिन्यांपर्यंत नेता येते, त्यापुढे नाही. नुसती दुरुस्ती पाठवल्याने ही मुदत थांबत नाही, हे आम्ही आपणांस आधीच सांगायला हवे होते.

प्रत्येक पर्यायाचा खर्च, शेवटची तारीख आणि माझे मत असे सविस्तर पत्र मी उद्या आपणांस पाठवत आहे. त्यावर समक्ष बोलण्यासाठी कोणतेही शुल्क घेतले जाणार नाही, आणि आपण लेखी होकार देईपर्यंत आम्ही काहीही दाखल करणार नाही.