मणक्याच्या दुखापती: ‘एक रात्र कॅज्युअल्टीत काढा’ म्हणणाऱ्या सिस्टरना उत्तर

सिस्टर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे आणि मुद्द्याची आहे. दोन ओळींत आटपण्यासारखी नाही, म्हणून उत्तर वेगळं टाकतोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कण्याच्या दुखापतींवरच्या लेखात मी कारणं लिहिताना ‘पडणं’ आधी घेतलं आणि वाहनांचे अपघात त्यानंतर. सिस्टर ट्रॉमा सेंटरमध्ये काम करतात. त्यांचं म्हणणं असं, की रात्रपाळीला स्ट्रेचरवरून येतात ते बहुतेक दुचाकीवरचे तरुण, तेव्हा ‘खुर्चीत बसून क्रम लावू नका, एक रात्र कॅज्युअल्टीत काढा’. दुसरी तक्रार माझ्या एका वाक्याबद्दल आहे: ‘मणका मोडला म्हणजे माणूस लुळा पडतोच असं नाही.’ असं वाचून लोक बेफिकीर होतील, असं त्यांना वाटतं.

तुम्ही जे बघता त्यावर माझा काडीचाही संशय नाही. पण ट्रॉमा सेंटरच्या दारातून कोण आत येतं, हे आधी ठरलेलं असतं. जोरात आदळलेला, चार ठिकाणी लागलेला, रक्तदाब खाली गेलेला पेशंट तुमच्याकडे येतो. सत्तरीची बाई बादली उचलताना वाकली आणि ठिसूळ झालेला मणका दबला, तर ती तुमच्याकडे येत नाही. ती ओपीडीत येते, आणि बऱ्याचदा तिथेही येत नाही. हाडं ठिसूळ झाल्यामुळे दबलेल्या मणक्यांपैकी बरेच कधी डॉक्टरपर्यंत पोचतच नाहीत. ‘वयोमानानं पाठ दुखते’ म्हणून सोडून दिलं जातं, उंची कमी होत जाते, पाठीला बाक येतो.

दुसऱ्या टोकालाही यादी अशीच कापलेली असते. श्वासपटलाची नस मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीवरून निघते. त्याच्या वर मज्जारज्जू (मणक्यांच्या नळीतून जाणारी मज्जातंतूंची दोरी) पूर्ण तुटली की श्वास जागीच थांबतो, आणि असे बरेच जण रुग्णालयात पोचण्याआधीच जातात. म्हणजे रुग्णालयाच्या रजिस्टरमध्ये अगदी किरकोळ नसतात आणि अगदी गंभीर नसतात, मधले असतात. एका वॉर्डच्या नोंदींवरून ‘समाजात कण्याला इजा कशामुळे होते’ हे सांगता येत नाही, ते याच कारणानं. माझ्या ओपीडीलाही हेच लागू आहे, फक्त माझी चाळणी वेगळी आहे.

आता क्रमाबद्दल. मज्जारज्जूला इजा होऊन जगणारे लोक जगात दीड कोटीहून जास्त आहेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यातल्या बहुतेकांना ती आघातानं झालेली असते: पडणं, रस्त्यावरचे अपघात, हिंसा. अमेरिकेत अजून वाहनं पहिली आहेत आणि पडणं त्याच्या पाठोपाठ. पण तिथल्या नोंदींत दुखापतीच्या वेळचं सरासरी वय १९७० च्या दशकात २९ होतं, ते आता ४३ च्या आसपास आलंय. लोकसंख्या म्हातारी होत जाते तसं पडण्याचं पारडं जड होतं. पासष्टीच्या पुढे तर तेच पहिलं कारण. तुमचे तरुण आणि माझे म्हातारे ही एकाच आलेखाची दोन शिखरं आहेत. मधल्या सरासरीच्या वयाचे पेशंट त्यामानानं कमीच दिसतात.

मला खरी अडचण वाटते ती केसपेपरवरच्या रकान्याची. पाळण्यातून पडलेलं मूल, परांचीवरून म्हणजे बांधकामाच्या पहाडावरून खाली आलेला रंगारी आणि बाथरूममध्ये घसरलेले आजोबा या तिघांची नोंद एकाच ठिकाणी, ‘पडले’ म्हणून होते. कण्याच्या दृष्टीनं हे तीन संपूर्ण वेगळे अपघात आहेत.

रंगारी पायावर किंवा बुडावर आपटतो. वजन सरळ उभ्या रेषेत वर चढतं आणि मणका चेचून फुटतो, बहुतेक वेळा डी-१२ किंवा एल-१, म्हणजे छातीमागचा शेवटचा किंवा कमरेचा पहिला मणका. ही जागा ठरलेलीच म्हणायची. वर बरगड्यांनी जखडलेला ताठ भाग, खाली मोकळेपणी वाकणारी कंबर, आणि जोर येतो तो या दोघांच्या सांध्यावर. मागच्या बाजूला सरकलेला हाडाचा तुकडा मज्जारज्जूवर किती दाब देतो, त्यावर पुढचं सगळं अवलंबून.

आजोबांचं वेगळं. ते पुढे तोंडावर पडतात, कपाळाला खोक पडते, मान झटक्यात मागे जाते. वयामुळे मानेतली नळी आधीच अरुंद झालेली, त्यात मज्जारज्जू चिमटते. सकाळी राउंडला जावं तर आजोबा आधार घेऊन चालतायत, पण सदऱ्याचं बटण लागत नाही आणि हातातला पेला निसटतो. पाय बरे, हात गेलेले. नातेवाईक म्हणतात, अर्धांगाचा झटका आला. एक्स-रेत फ्रॅक्चर नसतंही. श्नायडर नावाच्या अमेरिकी न्यूरोसर्जननं १९५४ मध्येच याचं वर्णन करून ठेवलंय, तरी कपाळाला टाके घालून घरी पाठवलेले असे पेशंट आजही भेटतात.

आणि मूल? लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानानं जड, मानेचे स्नायू कोवळे, म्हणून इजा मानेच्या वरच्या भागात होते. अस्थिबंध इतके लवचीक, की हाडं ताणली जाऊन परत जागेवर येतात आणि मज्जारज्जूला मात्र मार बसलेला असतो. एक्स-रे स्वच्छ.

इथेच तुमच्या दुसऱ्या तक्रारीचं उत्तर आहे. हाड मोडणं आणि मज्जारज्जूला इजा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मणक्याचं फ्रॅक्चर झालेल्या बहुतेकांचे हातपाय शाबूत असतात. प्रौढ माणसात मज्जारज्जू एल-१, एल-२ च्या आसपास संपते. खाली नसांचा झुपका असतो आणि नसा मज्जारज्जूपेक्षा मार बऱ्या सोसतात. उलट, हाड मोडलेलं नसताना माणूस लुळा पडू शकतो. मी जे वाक्य लिहिलं त्याची दुसरी बाजू ही आहे, आणि ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ या तीन शब्दांची मला फ्रॅक्चरपेक्षा जास्त धास्ती वाटते.

तुमच्या दुचाकीस्वारांबद्दल एक निरीक्षण तुम्हालाही पटेल. त्यांच्यात मानेबरोबर छातीमागच्या मणक्यांच्या इजा पुष्कळ असतात. तिथली नळी मुळातच अरुंद, म्हणून इजा झाली की बऱ्याचदा पूर्ण होते, इजेच्या खालची सगळी संवेदना जाते. चारचाकीत नुसता कमरेचा पट्टा लावलेला असेल तर शरीर पट्ट्यावरून पुढे दुमडतं आणि मणका मागून आडवा फाटतो. चान्स नावाच्या रेडिओलॉजिस्टनं १९४८ मध्ये वर्णन केलेलं फ्रॅक्चर ते हेच. पोटावर पट्ट्याचा आडवा वळ दिसला की कंबर तर बघायचीच, शिवाय आतडं फाटलंय का हेही बघायचं.

‘हेल्मेट घालत नाहीत, भोगा कर्माची फळं’ हे तुमचं वाक्य मात्र मला आवडलं नाही. हेल्मेट कवटी वाचवतं, ते घालायलाच हवं. त्यानं मानेला जास्त इजा होते हा समजही अभ्यासांत टिकलेला नाही. पण पाठीचे मणके हेल्मेट वाचवत नाही. आणि पहाडावर पट्टा न बांधता चढवलेल्या मजुराला आपण कर्माची फळं म्हणत नाही, मग या पोरांनाच का?

शेवटी तुम्ही विचारलंय, की उंचावरून पडून टाच मोडलेल्या पेशंटचा आमचे लोक कमरेचा एक्स-रे का मागतात, उगाच रेडिएशन कशाला. ज्या जोरानं टाच फुटली तोच वर कमरेपर्यंत पोचलेला असतो, म्हणून. टाच इतकी ठणकत असते, की कंबर दुखतेय हे पेशंटला कळतच नाही. विचारलं तर ‘नाही’ म्हणतो. त्याला सरळ धरून, न पिळता कुशीवर वळवा आणि मणक्यांवरून एकेक करत बोट दाबत खाली या. तो कुठे दचकतो ते बघा. एक मणका मोडलेला सापडला तरी तिथे थांबू नका, वरचे-खालचेही तपासा. लांबच्या पातळीवर दुसरं फ्रॅक्चर निघणं तितकंसं दुर्मिळ नाही, आणि पहिलं सापडल्याच्या समाधानात तेच सुटतं.