बूड टेकायला जागा

"चालत राहा, पण मध्ये मध्ये बसत जा," असा सल्ला डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यांविषयी दिला, तेव्हा त्याचा उत्तरार्ध पाळायला इटलीत किती खर्च येतो याची त्यांना कल्पना नसावी. आमच्या सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक शहरापुढे 'खरेदीसाठी मोकळा वेळ' अशी एक ओळ होती. त्यांतली खरेदी सौभाग्यवतीकडे आणि मोकळा वेळ माझ्याकडे, अशी वाटणी मुंबईच्या विमानतळावरच होऊन गेली.

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर नवऱ्याचे असे हाल होत नाहीत. साडीच्या दुकानात शिरताच त्याला गादीच्या कडेला बसवतात, पंखा त्याच्याकडे वळवतात आणि अर्धा कप चहा पुढे करतात, कारण बसलेला नवरा घाई करत नाही हे दुकानदाराला पिढ्यान्पिढ्या ठाऊक असते. रोमच्या व्हिया कोंदोत्तीवर मात्र दुकानाच्या दाराशी काळ्या सुटातला एक तरुण इतका ताठ उभा असतो की आपणच त्याला "अहो, बसा जरा," म्हणावे. सौ. "नुसतं बघून येते" म्हणून आत गेली आणि मी रस्त्याच्या टोकाला असलेल्या प्रसिद्ध स्पॅनिश पायऱ्यांकडे वळलो. शंभराहून अधिक, रुंद, उन्हाने कोमट झालेल्या त्या पायऱ्या जगातल्या समस्त नवऱ्यांसाठीच बांधल्या असाव्यात, अशा समजुतीने मी तिसरीवर टेकलो, आणि शिट्टी वाजली. पोलिसाने तळहात दोनदा वर उचलला. त्या खुणेला भाषा लागत नाही. २०१९ पासून तिथे बसायला मनाई असून दंड ४०० युरोंपर्यंत होऊ शकतो, असे आमच्या मार्गदर्शकाने मी उठल्यावर सांगितले. सोयीसाठी शंभरने गुणले तरी चाळीस हजार रुपये! तेवढ्या पैशांत लक्ष्मी रस्त्यावर नवरा बसतो तो बसतोच, वर पैठणीही घरी येते. या पायऱ्या १७२५ च्या सुमारास पूर्ण झाल्या, त्यांच्यासाठी पैसा एका फ्रेंच माणसाच्या मृत्युपत्रातून आला आणि नाव मिळाले ते खालच्या चौकातल्या स्पेनच्या वकिलातीचे. शिट्टी तेवढी इटालियन होती.

फ्लॉरेन्सला पोन्ते वेक्कियो या पुलावर दोन्ही बाजूंनी सोनारांची दुकाने आहेत. पूर्वी तिथे खाटीक बसत. तो वास सोसेना म्हणून तिथल्या ग्रँड ड्यूकने १५९३ मध्ये खाटकांना उठवून सोनारांना जागा दिली. म्हणजे या देशात बसलेल्याला उठवण्याची परंपरा बरीच जुनी आहे. इथे निदान दुकानात एक स्टूल दिसले, पण ते खरेदी करणाऱ्यासाठी होते. सोनाराने मोठ्या अभिमानाने बांगडीवरचा ७५० हा शिक्का दाखवला. सौ.ने "म्हणजे अठराच कॅरेट?" असे मला मराठीत विचारून, सुकलेली मेथीची जुडी भाजीवाल्याला परत करावी तशी ती बांगडी दोन बोटांनी मखमलीवर ठेवली. "मोडायला नेली तर आपला सोनार हसेल हो!" स्टूलही गेले आणि बांगडीही. त्यांपैकी मला हळहळ कशाची वाटली, हे सांगायला नकोच.

व्हेनिसच्या सेंट मार्क चौकाला नेपोलियनने 'युरोपचा दिवाणखाना' म्हटले, अशी एक आख्यायिका आहे. असेलही, पण या दिवाणखान्यात पायऱ्यांवर किंवा जमिनीवर बसले तर दंड होतो आणि खुर्चीवर बसले तर बिल येते. मी दुसरा पर्याय निवडला. इटलीत उभ्याने प्यायलेली कॉफी स्वस्त आणि बसून प्यायलेली महाग, एवढे मला एव्हाना कळले होते. कॅफेसमोरचा वाद्यवृंद ऐकण्याचे पैसे माणशी वेगळे लावतात, हे मात्र बिल पाहून कळले. सौ. नेमकी शेवटच्या दोन सुरांना येऊन खुर्चीवर टेकली होती, तरी तिचेही लागले. चौकात कबुतरांना दाणे घालायला २००८ पासून बंदी आहे. कबुतरे मात्र खुशाल बसली होती, फुकट.

त्याच दुपारी सौ.ने व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरच्या काचेचा एक घोडा घेतला आणि तो ठेवायला, मिलानला पोहोचल्यावर, चाकांची एक बॅग घेतली. मिलानच्या गॅलेरिया या काचेच्या छताखालच्या बाजारात फरशीवर बैलाचे चित्र आहे. नशीब उघडावे म्हणून त्याच्या नको त्या जागी टाच रोवून लोक तीन गिरक्या घेतात आणि तिथे पार खळगा पडला आहे. एका पायावर गिरकी घेण्याइतके माझे गुडघे आशावादी नव्हते. सौ. समोरच्या दुकानात होती, नवी बॅग माझ्या हाती होती. दंडाचा फलक नाही, शिट्टी नाही, खुर्चीचे भाडे नाही. मी बॅग आडवी केली आणि आठ दिवसांत प्रथमच, युरोपच्या एका नामांकित बाजारात, ऐसपैस बसलो.

दुकानाच्या दारातून सौ.ची हाक आली, "अहो, उठा आधी! घोडा आहे त्यात!"