म्हणे, विजेच्या इंजिनाला घाट झेपत नाही!

साताऱ्यापासून मिरज-सांगलीपर्यंतच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. त्यातला मजकूर थोडक्यात असा: विजेचं पॅसेंजर इंजिन भारतात आलं स्वातंत्र्यानंतर, आणि पहिलं म्हणजे चित्तरंजनच्या रेल्वे इंजिन कारखान्याचं ‘लोकमान्य’. त्याला घाट झेपत नाही, म्हणून बोरघाटात बँकर, म्हणजे मागून रेटणारं जादा इंजिन, लावतात. आणि पुणे-सातारा मार्गावरचा आदर्कीचा घाट मध्ये असल्यामुळेच आपल्या कोयना एक्स्प्रेसला इतकी वर्षं डिझेल जोडत होते. खाली ‘प्रत्येक सातारकराला पाठवा’ आहेच.

‘लोकमान्य’ 1961 चं, डब्ल्यूसीएम-5 वर्गातलं. चित्तरंजनच्या कारखान्यानं बांधलेलं ते पहिलं विजेचं इंजिन, एवढं खरं. पण त्याच्या तीसेक वर्षं आधीपासून मुंबई-पुणे मार्गावर विजेची पॅसेंजर इंजिनं पळत होती. जीआयपी रेल्वेनं, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वीच्या कंपनीनं, 1928 च्या सुमारास तीन निरनिराळे नमुने मागवून त्यांच्या चाचण्या घेतल्या. त्यांतलं ईए/1 पसंत पडलं आणि त्याच जातीची आणखी इंजिनं आली. इंग्लंडची मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स आणि स्वित्झर्लंडमधला विंटरथूरचा कारखाना यांनी मिळून ती बांधली. वरच्या तारेत 1500 व्होल्ट डीसी. पुढे या वर्गाचं नाव डब्ल्यूसीपी-1 झालं. 1 जून 1930 ला डेक्कन क्वीन सुरू झाली, तिला हीच इंजिनं ओढत. त्यांतलं 4006 नंबरचं ‘सर रॉजर लुमली’ दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात उभं आहे. (लुमलीसाहेब मुंबईचे गव्हर्नर झाले 1937 मध्ये, म्हणजे ती पाटी मागाहून लागलेली.)

आता घाट. इथे तर फॉरवर्डवाल्यानं गंगा उलटीच वाहवली आहे. कर्जत ते लोणावळा चढ 37 ला 1, म्हणजे 37 फूट पुढे गेलं की एक फूट वर. वाफेच्या इंजिनांचा तिथे दम निघायचा, बोगद्यांत धूर कोंडायचा. पुण्यापर्यंत 1929-30 मध्ये तार ओढली त्यामागे हा घाट हे मोठं कारण होतं. विजेसाठी ठाकुर्लीला चोळा पॉवर हाऊस उभारलं, मालगाड्यांना ‘खेकडा’ इंजिनं आणली. बँकर म्हणाल तर ते वाफेच्या जमान्यातही लागायचेच. आणि आज गाडीला मागून रेटणारा बँकर कशावर चालतो? विजेवरच!

डिझेल ताकदवान, हा समजही तपासून घ्यावा. त्या इंजिनाचीसुद्धा चाकं फिरवतात त्या विजेच्याच ट्रॅक्शन मोटरी. पोटातलं डिझेल त्यांच्यापुरती वीज तयार करतं. डब्ल्यूडीएम-3ए हे डिझेल इंजिन 3100 अश्वशक्तीचं, डब्ल्यूएपी-4 हे विजेचं सुमारे 5000 चं. कमी कोण?

मग आपल्याकडे डिझेल का? साधं कारण: पुण्याच्या पुढे तारच नव्हती. त्याआधी 1970 च्या आसपासपर्यंत पुणे-मिरज मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांची, होती, मुंबईची गाडी थेट इकडे येणंच शक्य नव्हतं. रूळ रुंद झाले तरी तार पुण्यातच थांबली. म्हणून मुंबईहून विजेवर आलेल्या गाडीचं इंजिन पुण्याला काढायचं, डिझेल लावायचं आणि पुढे निघायचं. ज्या कोयनेचं पाटण तालुक्यात अडवलेलं पाणी वीज बनवतं, तिच्या नावाची गाडी जिल्ह्यातून डिझेलचा धूर सोडत जायची, हे मात्र फॉरवर्डमध्ये यायला हवं होतं.

आता तार कोल्हापूरपर्यंत पोचली आहे आणि विजेची इंजिनं आदर्कीचा तोच घाट चढतायत. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं सालपे स्टेशन सुटल्यावर खिडकीशी बसावं. वळणावर पुढचं इंजिन आणि त्याच्या टपावरून तारेला टेकलेला, वीज घेणारा पॅन्टोग्राफ दोन्ही दिसतात.