बॅन्जो ॲक्सल का उतरवला? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

सप्रेम नमस्कार.

माझ्या १९६६ सालच्या एमजीबी रोडस्टरचा (ब्रिटिश एमजी कंपनीच्या उघड्या टपाच्या गाडीचा) मागचा मूळ बॅन्जो ॲक्सल, म्हणजे मधोमध बॅन्जोसारखा गोल फुगवटा असलेला आस, उतरवून तिथे सॅलिसबरी पद्धतीचा, म्हणजे नळीचा ॲक्सल बसवल्याच्या लेखावर आपण मनापासून आणि परखडपणे लिहिलेत, त्याबद्दल आभार. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत. गाडीचा एवढा मोठा भाग बदलून मी तिचे अस्सलपण घालवले. ज्या घराण्यातल्या ॲक्सलवर ॲम्बेसिडरने आपल्याकडे सात-सात माणसे आणि टपावर सामान वाहिले, त्याला कमकुवत म्हणणे अन्यायाचे आहे. तुटलेला हाफ शाफ्ट (ॲक्सलच्या आतून एका चाकाला फिरवणारा दांडा) जुना होता, त्यामुळे नवा शाफ्ट घालूनही काम भागले असते. शिवाय नळीच्या ॲक्सलने पाट्यांखालचे (स्प्रिंगच्या पाट्यांवर न तोललेले, चाकांबरोबर वरखाली होणारे) वजन विनाकारण वाढले. आपण तीस वर्षे कोल्हापुरात ॲम्बेसिडरची कामे केली आहेत असे लिहिले आहे, त्यामुळे हे आक्षेप हाताला ग्रीस लागलेल्या माणसाचे आहेत हे मी जाणतो, आणि त्यातले काही मला मान्यही आहेत.

ॲम्बेसिडरचा मुद्दा आधी घेतो, कारण तो सर्वांत वजनदार आहे आणि माझ्या लेखात त्याचा विचार झालेला नव्हता. मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली ॲम्बेसिडर आणि एमजीबीच्या आधीची एमजीए या दोन्ही गाड्यांचे १४८९ सीसी इंजिन एकच, बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या कंपनीचे बी सिरीज. मागचा बॅन्जो ॲक्सलही त्याच घराण्यातला, आणि एमजीबीच्या सुरुवातीच्या रोडस्टरला मिळाला तो एमजीएच्या ॲक्सलचाच वारस. इथपर्यंत आपले म्हणणे अगदी बरोबर आहे. परंतु या ॲक्सलमध्ये हबचे (चाक ज्यावर बसते त्या तुंब्याचे) बेअरिंग हौसिंगच्या, म्हणजे ॲक्सलच्या कवचाच्या, टोकावर बाहेरून बसते. त्यामुळे गाडीचे आणि माणसांचे वजन बेअरिंगमधून थेट हौसिंगवर उतरते. हाफ शाफ्टच्या वाट्याला येतो तो इंजिनाचा पीळ, आणि वळणावर चाक कलू पाहते तेव्हा थोडा आडवा ताण. सात माणसे बसली म्हणून शाफ्टवरचे काम वाढते ते चढावर आणि निघताना, आणि तेही सावकाश, कारण ॲम्बेसिडरचा चालक क्लच हळूच सोडतो. म्हणजे ॲम्बेसिडरने लाखो किलोमीटर सिद्ध केले ते हौसिंगचे आणि बेअरिंगचे बळ. माझ्या गाडीत प्रश्न होता तो शाफ्टने झटका सोसण्याचा.

तो झटका केवढा, याचा साधा हिशोब मांडतो. एमजीबीच्या १७९८ सीसी इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क ११० पौंड-फूट, म्हणजे सुमारे १४९ न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरचे प्रमाण ३.६४ आणि क्राऊन-पिनियनचे, म्हणजे ॲक्सलमधल्या मुख्य गिअरच्या जोडीचे, ३.९०९. दोन्हींचा गुणाकार १४ च्या वर जातो, म्हणजे ॲक्सलला पोचणारा पीळ २१०० न्यूटन-मीटरच्या आसपास. हा आकडा इंजिन एका लयीत ओढत असतानाचा आहे. गाडी उभी असताना इंजिनाचे फेरे चढवून क्लच एकदम सोडला, तर फ्लायव्हीलमध्ये साठलेली गतीही त्यात मिसळते. माझे इंजिन मूळ मापाचे राहिलेले नाही, सिलिंडर वाढवून ते १९५० सीसीचे केले आहे, आणि मी ग्लॉस्टरशायरमधल्या प्रेस्कॉटच्या चढाईत, म्हणजे टेकडीच्या वाटेवरच्या वेळेच्या स्पर्धेत, ही गाडी पळवतो. प्रेस्कॉटची वाट ११२७ यार्डांची आहे. प्रत्येक फेरीची सुरुवात उभ्या गाडीने होते, आणि पुढे पार्डन नावाच्या तीव्र नागमोडी वळणावर आतले मागचे चाक हलके होऊन मोकळे फिरते आणि क्षणात पुन्हा रस्ता पकडते. त्या पकडीच्या क्षणी शाफ्टला जो हिसका बसतो, तो कोणत्याही प्रवासी गाडीच्या आयुष्यात क्वचितच येतो.

आता तुटलेल्या शाफ्टविषयी. इथे आपले निदान माझ्यापेक्षा अचूक ठरले, हे मला मोकळेपणाने सांगायचे आहे. आपली प्रतिक्रिया वाचल्यावर मी तो तुकडा पुन्हा काढून भिंगाखाली पाहिला. स्प्लाइनच्या (शाफ्टच्या टोकावरच्या खाचांच्या) मुळाशी ओहोटीने वाळूवर मागे ठेवाव्यात तशा एकाआड एक रेघा स्पष्ट दिसतात, आणि ताजी, खरखरीत तूट उरलेल्या लहानशा भागातच आहे. म्हणजे तडा फार जुना होता, कदाचित मी गाडी घेण्याच्याही आधीचा, आणि शाफ्ट तुटला त्या दिवशीच्या फेरीच्या सुरुवातीने फक्त शेवटचा धागा तुटला. लेखात मी ‘बॅन्जो शाफ्ट ताकदीला कमी पडला’ असे सरसकट लिहिले होते. ते वाक्य चूक होते आणि मी ते दुरुस्त केले आहे.

मग नवा शाफ्ट का नाही? आज बॅन्जोसाठी अधिक चांगल्या पोलादाचे शाफ्ट बनवून मिळतात आणि तो मार्ग मी गांभीर्याने तपासला होता. परंतु तुटलेल्या शाफ्टचा कीस डिफरन्शिअलमध्ये (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या संचात) फिरला होता, क्राऊनच्या दातांवर ओरखडे होते, आतल्या लहान गिअरमागचे थ्रस्ट वॉशर झिजून कागदासारखे झाले होते, आणि दुसऱ्या बाजूचा शाफ्ट पहिल्याइतकाच जुना होता. त्यामुळे शाफ्टची जोडी, क्राऊन-पिनियन, वॉशर आणि बेअरिंग असे सगळेच नवे घालावे लागणार होते. एवढे करूनही, शाफ्ट भक्कम केला की तोच हिसका साखळीतल्या पुढच्या कडीवर जातो, आणि ती कडी म्हणजे तेच लहान डिफरन्शिअल. सॅलिसबरीत शाफ्टपासून पिनियनपर्यंत सगळीच साखळी जाड मापाची आहे. याच घराण्यातला ॲक्सल १९७३ ते १९७६ या काळात ३५२८ सीसीच्या व्ही८ इंजिनाच्या एमजीबी जीटीला (एमजीबीच्या बंद टपाच्या रूपाला) बसवलेला होता आणि त्या इंजिनाचा टॉर्क १९३ पौंड-फूट होता. व्ही८ चे क्राऊन-पिनियन ३.०७ प्रमाणाचे असल्याने पीळ कमी गुणला जातो, हे मान्य, पण इंजिनाचा फरक त्याहून मोठा आहे.

यावर एक आक्षेप आपण घेतलेला नाही, पण घेऊ शकला असता, म्हणून मीच मांडतो. सॅलिसबरीचा शाफ्ट पिळाबरोबर गाडीचे वजनही पेलतो, आणि तो बाहेरच्या बेअरिंगपलीकडे तुटला तर चाकच निखळते. बॅन्जोत शाफ्ट तुटला तरी हब सहसा जागेवर राहतो, आणि त्या दिवशी माझा हब जागेवरच राहिला. रचना म्हणून बॅन्जो अधिक सुरक्षित आहे. शिवाय बॅन्जोचे डिफरन्शिअल शाफ्ट ओढून पुढच्या बाजूने अख्खे बाहेर घेता येते आणि बाकावर ठेवून त्याची जुळणी करता येते. नळीच्या ॲक्सलमध्ये मागचे झाकण उघडून, खास अवजाराने हौसिंग किंचित ताणून मगच ते बाहेर निघते. ज्याला घरच्या गॅरेजात आयुष्यभर स्वतः दुरुस्ती करायची आहे आणि गाडी शांतपणे चालवायची आहे, त्याने बॅन्जो ठेवावा, असेच मी सांगेन.

अस्सलपणाचा आक्षेप मला सर्वांत जास्त लागला, कारण ती काळजी मलाही आहे. ॲबिंग्डनच्या एमजी कारखान्याने १९६५ च्या ऑक्टोबरात एमजीबी जीटी आणली तेव्हा तिला पहिल्यापासून नळीचा ॲक्सल दिला, आणि १९६७ मध्ये तोच रोडस्टरलाही दिला. म्हणजे माझी गाडी ज्या वर्षी तयार झाली, त्याच वर्षी त्याच छताखाली दुसऱ्या एमजीबीला हा ॲक्सल बसत होता. कारखान्याने स्वतः केलेला बदल मी एक वर्ष आधीच्या गाडीवर केला. तरीही माझ्या गाडीला मूळ ॲक्सल राहिलेला नाही, हे सत्य आहे, आणि गाडी विकताना मी ते लिहून देईन. हा बदल करताना चासीला, शरीराला किंवा पाट्यांच्या पकडीला कुठेही छिद्र पाडलेले नाही, वेल्डिंग केलेले नाही. इंजिनाच्या बाबतीत मला असे म्हणता येत नाही, कारण कापलेले सिलिंडर पुन्हा भरत नाहीत, आणि त्याबद्दल आपण मला बोल लावला असता तर माझ्याकडे उत्तर नव्हते.

वजनाविषयी आपण बरोबर आहात. सॅलिसबरी जड आहे, आणि ते सगळे वजन पाट्यांखालचे आहे, म्हणजे खड्ड्यातून चाक उसळते तेव्हा जुन्या लिव्हर पद्धतीच्या शॉक ॲब्सॉर्बरना तेवढे जास्त आवरावे लागते. गावाकडच्या उखडलेल्या रस्त्यांवर मागची बाजू पूर्वीपेक्षा किंचित थबकून खाली बसते, हे मला जाणवते. चढाईच्या गुळगुळीत डांबरावर मात्र फरक कळत नाही. दोन्ही ॲक्सलचे प्रमाण ३.९०९ हेच असल्याने स्पीडोमीटरही बदलावा लागला नाही.

शेवटी आपण विचारले आहे की हा ॲक्सल जसाच्या तसा बसतो का. बसत नाही, आणि लेखात मी हे दोन ओळींत उरकले, ही उणीव होती. तारांच्या चाकांचा आणि पत्र्याच्या चाकांचा नळीचा ॲक्सल रुंदीला वेगवेगळा असतो. माझी चाके तारांची आहेत, म्हणून मी त्याच जातीचा शोधला, नाहीतर टायर मडगार्डला घासला असता. प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून ॲक्सलपर्यंतच्या दांड्याच्या) लांबीत एक इंचाहून थोडा जास्त फरक असल्याने तोही बदलावा लागतो, आणि हँडब्रेकची केबलही. तेल बॅन्जोत सुमारे १.३ लिटर लागते, नळीच्यात सुमारे ०.८५ लिटर. जुन्या सवयीने भरले तर जास्तीचे तेल सील ओलांडून ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते. सर्वांत धोक्याची गोष्ट हबची आहे. तारांच्या चाकाच्या हबवर गाडीच्या डाव्या बाजूला उजवे आटे असतात आणि उजव्या बाजूला डावे, म्हणजे चाक फिरताना नट आवळत जातो. कुणी खोलून पुन्हा जोडलेल्या जुन्या ॲक्सलवर हे हब उलटसुलट बसलेले असू शकतात, आणि मग चालत्या गाडीचे नट सैल होत जातात. मला मिळालेल्या ॲक्सलवर ते तसेच उलटे होते, आणि चाके चढवण्याआधी आटे पाहिले म्हणूनच ते लक्षात आले.

बॅन्जोचे हौसिंग स्वच्छ करून, तेल लावून मी गॅरेजच्या भिंतीशी आडवे ठेवले आहे आणि हिवाळ्यात त्याची पूर्ण जुळणी करणार आहे. क्राऊनच्या दातांना रंग लावून ठसा पाहताना, ठसा दाताच्या टोकाकडे सरकला तर आपण शिम (अंतर जुळवणारी पातळ चकती) आधी पिनियनमागे बदलत होता की बेअरिंगकडे, हे आपण सविस्तर लिहिलेत तर मला त्या कामात फार उपयोग होईल.

आपला,
लेखक