2,458 डॉलर आणि जन्मभराची बंदी

1995 साली पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत ब्रायन रेंज नावाच्या माणसाने एक गुन्हा कबूल केला. घरात तीन मुलं होती आणि लोकांच्या अंगणातलं गवत कापून तासाला नऊ-साडेनऊ डॉलर मिळायचे. गरिबांना धान्य-किराण्यासाठी सरकार फूड स्टॅम्प देतं, त्याच्या अर्जात ही कमाई दाखवलेली नव्हती. अर्ज बायकोने भरलेला, पण सही त्याचीही होती. कोर्टाने तीन वर्षांचं प्रोबेशन दिलं, 100 डॉलर दंड केला आणि घेतलेले 2,458 डॉलर परत करायला लावले. त्याने ते फेडले. तुरुंगात त्याला एक दिवसही काढावा लागला नाही.

पुढे 1998 मध्ये तो बंदूक घ्यायला दुकानात गेला, तर बॅकग्राउंड चेकमध्ये नकार आला. काहीतरी चूक झाली असेल असं समजून बायकोने त्याला हरणाच्या शिकारीसाठी रायफल घेऊन दिली. बऱ्याच वर्षांनी त्या जुन्या प्रकरणामुळे आपल्यावर कायमची बंदी आहे हे त्याला कळलं, तेव्हा त्याने ती रायफल विकून टाकली. कायदा कळताक्षणी तो पाळणारा हा माणूस. आणि त्या कायद्याच्या लेखी तो खुनी-दरोडेखोरांच्या रांगेत उभा होता.

मी अनेक वर्षं पेनसिल्व्हेनियात राहते आहे. माझ्या घरात बंदूक नाही, येणारही नाही. या देशात दरवर्षी चाळीस हजारांहून जास्त माणसं बंदुकीने मरतात, त्यातल्या अर्ध्याहून अधिक आत्महत्या असतात. विक्रीवर कडक तपासणी हवी या मताची मी आहे आणि राहीन. तरीही रेंजच्या बाजूने उभं राहावं असं मला मनापासून वाटतं, आणि ते का, हे आज नीट लिहायचं आहे.

आधी कायदा. ऑक्टोबर 1968 मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी गन कंट्रोल अ‍ॅक्टवर सही केली. ज्या गुन्ह्याला एक वर्षाहून जास्त कैद *होऊ शकते* अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगायचं नाही. प्रत्यक्षात किती शिक्षा झाली, झाली की नाही, याला महत्त्व नाही. राज्याच्या कायद्यातला किरकोळ वर्गातला गुन्हा असेल आणि जास्तीत जास्त शिक्षा दोन वर्षांपर्यंत असेल तर सुटका. रेंजचा गुन्हा पेनसिल्व्हेनियात किरकोळ वर्गातच मोडतो, पण कागदावर त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तेवढ्यावर तो अडकला. ही बंदी मोडली तर आज पंधरा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

हे नेहमीच असं नव्हतं. 1938 च्या केंद्रीय कायद्यात बंदी हिंसक गुन्ह्यांपुरती होती. 1961 मध्ये ती सगळ्या गंभीर गुन्ह्यांवर पसरवली गेली. म्हणजे अहिंसक गुन्हेगारावरची ही आजन्म बंदी माझ्या आईवडिलांच्या पिढीतली आहे, राज्यघटनेइतकी जुनी नाही.

आता जे वाचून मला खरोखर राग आला, ते सांगते. बंदी उठवून घेण्याची वाट कायद्यात आहे. ती 1965 मध्ये आली, पण कोणासाठी? विंचेस्टर बंदुका बनवणारा विभाग ज्या ऑलिन मॅथिसन कंपनीचा होता, ती कंपनी औषधांच्या निर्यातीतल्या कमिशनखोरीच्या प्रकरणात दोषी ठरली होती. आता कंपनीच गुन्हेगार, तर तिने बंदुका विकायच्या कशा? म्हणून काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, तरतूद केली की अर्ज करा, तुम्ही धोकादायक नाही हे दाखवा, सरकार बंदी उठवेल. तीच वाट पुढे साध्या माणसांनाही वापरता येऊ लागली. मग 1992 मध्ये काँग्रेसने खर्चाच्या विधेयकात एक ओळ घातली, की व्यक्तींच्या अशा अर्जांच्या तपासावर बंदुकांचा कारभार बघणाऱ्या एटीएफ या केंद्रीय खात्याने पैसा खर्च करू नये. ती ओळ वर्षामागून वर्ष पुन्हा घातली गेली. कंपन्यांना मात्र अर्ज करायची मुभा राहिली! शिवाय मूळ कायद्यातच एक सूट आहे. मक्तेदारी, व्यापारातली अनुचित प्रथा असल्या धंद्यातल्या गुन्ह्यांमुळे बंदूक जात नाही. संगनमत करून लाखो गिऱ्हाइकांना लुबाडणारा बंदूक ठेवू शकतो, आणि गवत कापायची मजुरी लपवणारा नाही. मला याचं समर्थन कुठेही सापडलेलं नाही.

अर्ज नाकारला तर कोर्टात जाता येतं, असंही त्याच कायद्यात लिहिलं आहे. टेक्सासचा बीन नावाचा बंदुकांचा व्यापारी मेक्सिकोत जेवायला गेला. गाडीत काडतुसांचा डबा राहिला होता, त्याबद्दल तिथे त्याला शिक्षा झाली. त्याने अर्ज केला, तर एटीएफने पैसा नाही म्हणून तो न बघताच परत पाठवला. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की अर्ज न बघणं म्हणजे नाकारणं नव्हे, त्यामुळे कोर्टात दाद नाही. निकाल कायद्याच्या भाषेत बरोबर असेलही. पण माणसाने जायचं कुठे?

दुसरी बाजू मला माहीत आहे, आणि ती हलकी नाही. 1992 पूर्वी बंदी उठलेल्यांपैकी काहींनी पुन्हा गुन्हे केले होते, गंभीरसुद्धा. अधिकाऱ्यांचे दिवसचे दिवस अर्जदारांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशा करण्यात जात. चुकीच्या माणसाला हो म्हटलं तर कोणाचा तरी जीव जातो. 'अहिंसक' ही पाटीही फसवी असू शकते, कारण इथे बहुतेक खटले तडजोडीत मिटतात आणि मारहाणीचं कलम गळून कागदावर साधंच काहीतरी उरतं. म्हणूनच मी सरसकट माफी मागत नाही. बायकोला मारणाऱ्यावर 1996 पासून असलेली बंदी तर राहिलीच पाहिजे, मग तो गुन्हा कागदावर कितीही किरकोळ असो. माणूस धोकादायक आहे का, एवढा एक प्रश्न कोणीतरी बसून, पुरावा बघून विचारावा, एवढंच माझं म्हणणं आहे. न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याआधी 2019 मध्ये एका खटल्यात अल्पमतात होत्या. बुटात घालायच्या तळव्यांवरून मेडिकेअरची, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याची, फसवणूक केलेल्या माणसाचा तो खटला. धोकादायक लोकांची शस्त्रं काढून घेण्याचा अधिकार कायदेमंडळाला आहे, पण तो तिथपर्यंतच, असं त्यांनी लिहिलं. त्यांची बाकीची मतं मला बहुधा पटत नाहीत, हे मात्र पटलं.

बंदीविरुद्धचा खटला रेंज शेवटी जिंकला. जून 2023 मध्ये तिसऱ्या सर्किटच्या, म्हणजे पेनसिल्व्हेनिया ज्याच्या हद्दीत येतं त्या केंद्रीय अपील कोर्टाच्या, पूर्ण पीठाने त्याच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो फेरविचाराला परत पाठवला आणि डिसेंबर 2024 मध्ये तो पुन्हा जिंकला, या वेळी 13 विरुद्ध 2 मतांनी. पण निकाल त्याच्यापुरता. दुसऱ्याने स्वतःचा वकील करून स्वतःचा खटला लढायचा. आणि राहायला कुठे आहात त्यावर सगळं अवलंबून. युटामधल्या एका बाईने 2008 मध्ये, व्यसनात बुडालेली असताना, किराणा दुकानात 498 डॉलरचा खोटा चेक दिला. ती त्यातून बाहेर पडली, शिकली, समाजसेविका झाली, व्यसनाधीन लोकांसाठी संस्था उभी केली. फेब्रुवारी 2025 मध्ये, युटा ज्याच्या हद्दीत येतं त्या दहाव्या सर्किटने तिला नाही म्हटलं. ती पेनसिल्व्हेनियात असती तर?

त्याच वसंतात दुसरी बातमी आली. न्याय खात्याने बंदी उठवण्याचं काम एटीएफकडून काढून स्वतःकडे घेतलं आणि एप्रिल 2025 मध्ये दहा जणांचा हक्क परत दिला. त्यात अभिनेता मेल गिब्सन होता, ज्याला 2011 मध्ये जोडीदाराला मारल्याबद्दल शिक्षा झाली होती. त्याची शिफारस करायला नकार दिला म्हणून आपल्याला काढलं, असं माफी विभागाच्या प्रमुख एलिझाबेथ ओयर यांनी जाहीरपणे सांगितलं. खात्याने ते कारण नाकारलं. खरं कारण काहीही असो, त्या यादीत हे नाव असावं आणि खोट्या चेकवाली बाई नसावी, हे मला सहन होत नाही. जुलै 2025 मध्ये अर्जांसाठी नियमांचा मसुदाही मांडला गेला. नियम कोणाही सामान्य माणसाला वापरता येणार असेल, तर माझा त्याला पाठिंबा आहे, तो कोणत्या पक्षाच्या सरकारने आणला हे मी बघणार नाही.

इकडचे मराठी मित्र म्हणतात, "आपल्याला काय करायचंय, आपण थोडेच शिकारीला जातो?" थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी इथल्या कितीतरी शाळा हरणांच्या शिकारीसाठी बंद असतात. आजोबा नातवाला घेऊन रानात जातात, वर्षाचं मांस फ्रीझरमध्ये भरतात, काही जण अन्नबँकेलाही देतात. त्यांच्यासाठी ही आपल्या वारीसारखी घरात चालत आलेली गोष्ट आहे. तिथून एखाद्याला कायमचं बाहेर काढायचं तर कारण तेवढंच मोठं हवं. आणि ही फक्त ग्रामीण गोऱ्यांची बाब नाही. 2010 च्या स्थितीवरून संशोधकांनी काढलेल्या अंदाजानुसार देशातल्या प्रौढांपैकी सुमारे 8 टक्क्यांवर गंभीर गुन्ह्याचा शिक्का होता, आणि काळ्या पुरुषांमध्ये सुमारे 33 टक्क्यांवर.

भारतातल्या वाचकांना एक सांगते. आपल्या 1959 च्या शस्त्र कायद्यात बंदूक हा हक्क नाहीच, परवाना अधिकाऱ्याच्या मर्जीवर. पण हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात तुरुंगवास झालेल्याला तिथेही शिक्षा संपल्यापासून पाच वर्षांची बंदी आहे. पुढे अर्ज करता येतो. अधिकारी नाही म्हणू शकतो, पण अर्ज वाचतो. जिथे शस्त्र बाळगणं राज्यघटनेतला हक्क मानतात, त्या देशाला एवढंही जमू नये?

माझी मागणी साधी आहे. काँग्रेसने ती खर्चाची ओळ काढावी. शिक्षा संपून दहा वर्षं झालेल्या, मध्ये नवा गुन्हा न केलेल्या माणसाला जवळच्या न्यायाधीशापुढे उभं राहू द्यावं. सरकारी वकिलाने हरकत घ्यावी, पोलिसांचा जुना मूळ अहवाल मागवावा, ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाही बोलू द्यावं, आणि निकाल कारणांसह लेखी द्यावा. हेच मी माझ्या खासदाराला लिहून पाठवलं आहे. इथे मत देणाऱ्या मराठी मंडळींनी आपापल्या खासदाराला लिहावं, बंदुका आवडत नसतील त्यांनी तर नक्कीच.