राजवाडा सोडा, कचेरी बघा

हिंसक क्रांतीने देश बदलतो की नाही, या वादात बहुतेकांची नजर राजवाड्यावर असते. राजा मारला गेला, पुतळे पाडले, झेंडा बदलला. माझ्या मते तपासायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत. जिल्ह्याचा अधिकारी कोण नेमतो? कर कोण वसूल करतो? मध्यरात्री दार ठोठावणारा पोलीस कोणाला उत्तर देतो? आणि जिंकलेल्यांच्या बंदुकांचं पुढे काय होतं?

फ्रान्सचंच घ्या. १७८९ च्या आधी प्रांतांवर राजाने नेमलेले इंटेंडंट बसायचे. क्रांतीने ते पद रद्द केलं, १७९० मध्ये देशाचे ८३ विभाग पाडले आणि तिथला कारभार निवडून आलेल्या मंडळांकडे सोपवला. ही व्यवस्था जेमतेम दहा वर्षं टिकली. फेब्रुवारी १८०० च्या कायद्याने नेपोलियनने प्रत्येक विभागावर प्रीफेक्ट बसवला. त्याला नेमणार पॅरिस, काढणारही पॅरिस. महापौरसुद्धा नेमलेलेच. नकाशा क्रांतीचा उरला, कारभाराची तऱ्हा मात्र राजाच्याच काळातली झाली. पण म्हणून काहीच बदललं नाही असं म्हणणंही चूक. जुलै १७९३ मध्ये सरंजामी देणी भरपाईशिवाय रद्द झाली आणि १८१४ मध्ये राजे गादीवर परतले तरी ती परत आली नाहीत. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा बदल फार मोठा होता. जमिनीची मालकी बदलणं क्रांतीला जमतं; अधिकाऱ्याला लोकांपुढे जाब द्यायला लावणं तिला क्वचितच साधतं.

याचं कारण सशस्त्र संघटनेच्या घडणीत आहे. तिला गुप्तता पाळावी लागते, हुकूम एकाच ठिकाणाहून यावा लागतो, रसद सक्तीने गोळा करावी लागते आणि फितुराला सुनावणीशिवाय शिक्षा द्यावी लागते. तीन-चार वर्षं लढाई चालली की या नुसत्या सवयी राहत नाहीत, त्यांची पदं तयार होतात. विजयाच्या दिवशी देशात चालू स्थितीत असलेली संघटना बहुधा हीच एक असते. मग दुसऱ्या दिवशी पगार वाटायचे, रेल्वे चालवायची, धान्य पोचवायचं, तर त्यासाठी जुनेच कारकून लागतात. वर छावणीची शिस्त, खाली जुन्या फायली. नागरिकाने जाब विचारायची जागा या दोन्हींमध्ये कुठेच नसते.

रशियात झारची गुप्त पोलीस यंत्रणा ओखराना १९१७ च्या सुरुवातीच्या क्रांतीने मोडली. त्याच वर्षी डिसेंबरात बोल्शेविकांची स्वतःची गुप्त पोलीस यंत्रणा, चेका, उभी राहिली. निवडून आलेली संविधान सभा जानेवारी १९१८ मध्ये एकदाच भरली आणि बरखास्त झाली. मार्च १९२१ मध्ये सत्ताधारी बोल्शेविक पक्षातल्या गटांवरही बंदी आली. जुनी सरकारी यंत्रणा आपण तशीच उचलली, हे १९२२ मध्ये खुद्द लेनिनने कबूल केलं होतं. क्रांतीने काढून टाकलेला अंतर्गत पासपोर्ट, म्हणजे देशातल्या देशात राहण्या-फिरण्यासाठी लागणारा परवाना, १९३२ च्या अखेरीस परत आला, आणि सामूहिक शेतीवरच्या शेतकऱ्यांना तो सरसकट देण्याचा निर्णय १९७४ मध्ये झाला. तोवर परवानगीशिवाय गाव सोडणं त्यांच्यासाठी महाकठीण होतं.

यावर कॅरिबियनमधल्या हैतीचा, म्हणजे फ्रान्सच्या जुन्या वसाहतीचा, दाखला दिला जातो, आणि तो योग्यच आहे. तिथली गुलामगिरी अर्जविनंत्यांनी संपली नसती. बंडानेच ती संपवली आणि १८०४ मध्ये देश स्वतंत्र झाला. तरीही १८२६ च्या ग्रामीण कायद्याने शेतमजुरांना पुन्हा मळ्यांशी बांधलं. त्याच्या आदल्याच वर्षी फ्रान्सने युद्धनौका पाठवून १५ कोटी फ्रँकची भरपाई लादली होती. ती फेडायची तर निर्यातीचं पीक हवं आणि त्यासाठी सक्तीची मजुरी. इथे दोष एकट्या क्रांतिकारकांच्या माथी मारता येणार नाही.

माझ्या मतात अडचण आणणारं सगळ्यात जड उदाहरण म्हणजे मध्य अमेरिकेतला कोस्टा रिका. १९४८ मध्ये तिथल्या संसदेने अध्यक्षपदाची निवडणूक रद्द ठरवली आणि यादवी पेटली. सुमारे सहा आठवड्यांत ती संपली. बंडखोरांचे नेते होसे फिगेरेस जिंकले. त्यांच्या हंगामी मंडळाने दीड वर्ष सत्ता चालवली आणि त्या काळात जे केलं ते फार थोड्या विजेत्यांनी केलं आहे. १ डिसेंबर १९४८ रोजी सैन्य रद्द झालं. नुसतं हरलेल्यांचं नाही. स्वतःची जिंकलेली फौजही त्यांनी मोडली. संविधान सभेने मंडळाचा नव्या राज्यघटनेचा मसुदा नाकारून १८७१ च्या राज्यघटनेवर काम सुरू केलं, तेही त्यांनी मान्य केलं. निवडणुकांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण आलं. नोव्हेंबर १९४९ मध्ये सत्ता ओतिलियो उलाते यांच्याकडे गेली. रद्द झालेली निवडणूक जिंकलेले उमेदवार तेच.

हिंसेने राज्यकारभार इथे बदलला खरा, पण बदलाचं काम बंदुका खाली ठेवल्यानंतर झालं. आणि तेही निष्कलंक नव्हतं. हरलेल्या बाजूच्या कम्युनिस्ट पक्षावर घातलेली बंदी १९७५ पर्यंत टिकली. ती उठली मात्र घटनादुरुस्तीने, संसदेत मतदान होऊन.